शरदातलं जपान: ॲनिमे-मांगाच्या चाहत्यांसाठी पायरीपायरीने

जपानला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "चेरीची फुलं कधी असतात?" ज्यांचा जीव ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) आणि मांगामध्ये (जपानी चित्रकथांमध्ये) अडकलाय त्यांना मी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरच सुचवते. ऑगस्टमध्ये टोकियोत कॉमिकेट हा चाहत्यांनी स्वतः छापलेल्या मांगांचा महामेळा भरतो खरा, पण तेव्हाचा दमट उकाडा मुंबईकरालाही नकोसा होतो. आणि जपानमध्ये हा छंद पायांनीच करायचा असतो. गल्लीबोळ, जिने, चौथ्या मजल्यावरची दुकानं, नदीकाठ, सगळं चालूनच गाठावं लागतं. शरदात हवा थंड आणि कोरडी असते, पाऊस ओसरलेला असतो. शिवाय या दोन महिन्यांत जे भरतं त्याची जातकुळी वेगळी आहे. जुन्या पुस्तकांचा बाजार असतो, स्वतःच्या हाताने मांगा काढून विकणाऱ्यांचा मेळा असतो, छोट्या गावांचे सण असतात. आपली दिवाळीची सुट्टीही नेमकी याच सुमारास येते.

पायरी १: आधी स्वतःची यादी

'टोकियोतली दहा ठिकाणं' छापाच्या याद्या बाजूला ठेवा. वहीत फक्त तीन कलाकृतींची नावं लिहा, ज्या तुम्ही पुन्हापुन्हा पाहता किंवा वाचता. प्रत्येकीपुढे नोंदवा की तुम्हाला त्यातलं काय हवंय. त्या कथेतली खरी जागा पाहायची आहे, वस्तू घ्यायच्या आहेत, जुने अंक हवे आहेत, की ते बनतं कसं हे समजून घ्यायचंय? या चार उत्तरांचे चार वेगळे प्रवास होतात. आठ-दहा दिवसांत चारही कोंबले तर एकही धड होत नाही, म्हणून दोन निवडा.

मग एक काम करा, ज्याचा पुढे फार उपयोग होतो. प्रत्येक कलाकृतीचं मूळ जपानी नाव, मांगाकाराचं नाव आणि प्रकाशकाचं नाव जपानी लिपीत फोनमध्ये उतरवून ठेवा. जपानी दुकानांत मांगा बहुतेक वेळा आधी प्रकाशकाप्रमाणे आणि मग लेखकाप्रमाणे लावलेली असते. इंग्रजी नाव सांगितलं तर दुकानदार गोंधळतो, कारण ते नाव त्याने कधी ऐकलेलंच नसतं. फोनवरचं जपानी नाव दाखवलंत की तो थेट कपाटापर्यंत घेऊन जातो.

पायरी २: तारखांचं गणित

शरदाचे दोन भाग पाडा. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा पुस्तकं आणि कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश करण्याचा काळ. टोकियोच्या जिंबोचो भागात 'कान्दा' (हे त्या परिसराचं नाव) जुन्या पुस्तकांचा महोत्सव याच दिवसांत असतो, आणि इकेबुकुरोमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन कॉस्प्ले महोत्सव होतो. ३ नोव्हेंबरला जपानमध्ये संस्कृती दिनाची सार्वजनिक सुट्टी असते. मांगाचे दैवत मानले जाणारे ओसामु तेझुका यांचा जन्मही १९२८ साली याच दिवशी झाला, आणि २००२ पासून हा दिवस 'मांगा दिन' म्हणूनही पाळला जातो.

नोव्हेंबरचा मधला आणि शेवटचा भाग पानांचा. क्योतोतले मेपल साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लाल असतात. टोकियोतले गिंको नोव्हेंबरच्या अखेरीस पिवळे होतात. कोमितिया हा स्वतंत्र मांगाकारांचा शरदमेळाही बहुधा नोव्हेंबरमध्येच येतो, आणि ओआराई या बंदरगावाचा आन्को माशाचा सणही.

म्हणजे पुस्तकबाजार आणि लाल पानं एकाच आठवड्यात मिळत नाहीत. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे दिवाळीनंतर निघणाऱ्यांना दुसरा भाग मिळेल. २०२७ मध्ये दिवाळी २९ ऑक्टोबरच्या आसपास आहे, तेव्हा पहिला भाग साधेल. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने पानांचा मोह सोडून पहिला भाग घ्यावा. गर्दी कमी असते आणि क्योतोतले हॉटेलांचे दर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फार चढतात.

टोकियो गेम शो सप्टेंबरच्या उत्तरार्धात चिबामधल्या माकुहारी मेस्से केंद्रात असतो. गेमिंग हाच मुख्य छंद असेल तर त्याच्याभोवती सहल आखा. पण तो वादळांचा मोसम असतो, तेव्हा वेळापत्रकात एक दिवस मोकळा सोडा.

पायरी ३: निघण्याआधीची कामं

भारतीय पर्यटकांना जपान आता ई-व्हिसा देतं. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा असतो. विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू असताना उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे उतरल्यावर लगेच चालणारं सिम किंवा ई-सिम निघण्याआधीच घ्या.

टोकियोजवळच्या मिताकाचं, घिबली या ॲनिमे स्टुडिओचं संग्रहालय यादीत असेल तर त्याची तिकिटं दारावर मिळत नाहीत. दर महिन्याच्या १० तारखेला, जपानच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता, पुढच्या महिन्याची विक्री सुरू होते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे नोव्हेंबरच्या तिकिटासाठी १० ऑक्टोबरला पहाटे उठून बसायचं. नाव पासपोर्टप्रमाणे टाका आणि दोन-तीन पर्यायी तारखा हाताशी ठेवा. शरदात संग्रहालय देखभालीसाठी काही दिवस बंदही असू शकतं, म्हणून आधी त्यांचं कॅलेंडर पाहा. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते चांगलंच आहे. लोक खरोखर पाहत असतात.

नागोयाजवळ नागाकुतेमध्ये १ नोव्हेंबर २०२२ रोजी उघडलेलं घिबली पार्क ही वेगळी गोष्ट आहे. २००५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या मैदानावर ते वसवलंय, आणि त्यातलं 'माय नेबर तोतोरो' चित्रपटातल्या सात्सुकी-मेई बहिणींचं घर मुळात त्या प्रदर्शनासाठीच बांधलेलं होतं. तिथे पाळण्या-झोक्यांची रेलचेल असेल या अपेक्षेने मुलांना नेऊ नका. चालायची आणि निरखायची जागा आहे ती. सगळे विभाग पाहायला अख्खा दिवस जातो.

थीम कॅफेंचीही नोंदणी आधी करावी लागते. गाजलेल्या मालिकेचा कॅफे काही आठवडेच चालतो, बऱ्याचदा जागा सोडतीने मिळते, बसायला ठरावीक वेळ असते आणि पेयासोबत कोस्टर मिळतो तो कुठल्या पात्राचा निघेल हे नशिबावर. पदार्थ महाग आणि चवीला बेताचे असतात. माझ्या मते एक पुरे.

पायरी ४: सुरुवात मुळापासून करा, तोकिवा-सो

बहुतेक जण उतरल्या उतरल्या अकिहाबाराला, म्हणजे टोकियोतल्या ॲनिमे-गेमच्या दुकानांच्या भागाला धावतात. माझं सांगणं आहे की पहिला दिवस तोशिमा भागातल्या मिनामी-नागासाकीला द्या. ओएदो मार्गावरच्या ओचिआई-मिनामी-नागासाकी स्टेशनवर उतरून थोडं चाललं की तोकिवा-सो मांगा संग्रहालय येतं.

तोकिवा-सो हे १९५२ मध्ये बांधलेलं साधं लाकडी दुमजली घर. साडेचार तातामीच्या, म्हणजे पलंग ठेवला तर फिरायला जागा उरणार नाही एवढ्या खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास सामायिक. तेझुका इथल्या १४ क्रमांकाच्या खोलीत राहायचे. ते बाहेर पडले तेव्हा ती खोली दोन तरुण मित्रांना मिळाली, आणि तेझुकांनी आपली अनामत रक्कमही त्यांच्यासाठी तशीच ठेवली. ते दोघे म्हणजे फुजिको फुजिओ या जोडनावाने लिहिणारे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. त्यांतल्या फुजिमोतोंच्या लेखणीतून १९६९ च्या अखेरीस डोरेमॉन आला. पुढे गाजलेले मांगाकार शोतारो इशिनोमोरी आणि फुजिओ आकात्सुकाही याच छपराखाली राहिले.

मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. २०२० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली, तीच आज आपण पाहतो. जिना चढताना पायऱ्या मुद्दाम करकरतात, कारण जुन्या करकरायच्या. वरच्या मजल्यावर बुटकं टेबल, शाईची बाटली, अर्धवट रेखाटलेला कागद आणि स्वयंपाकघरातली भांडी जशी असायची तशी मांडून ठेवली आहेत. हिंदीतला डोरेमॉन पाहत वाढलेल्या मराठी मुलामुलींनी इथे जरूर यावं. विशीतल्या, हातात पैसे नसलेल्या पोरांनी एकमेकांची पानं पूर्ण करून देत हे जग उभं केलं, हे त्या खोलीच्या दारात उभं राहिल्यावर जसं कळतं तसं कुठल्याही भव्य दुकानात कळत नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. डोरेमॉनच हवा असेल तर कावासाकीचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय दुसऱ्या दिवशी जोडा. त्याचंही तिकीट वेळेसकट आधी काढावं लागतं. ओगिकुबोजवळचं सुगिनामी ॲनिमेशन संग्रहालय मोफत आहे आणि तिथे चित्रावर आवाज देऊन पाहता येतो. मुलं बरोबर असतील तर हे सोडू नका.

पायरी ५: जिंबोचोतला पुस्तकबाजार

जिंबोचो हे टोकियोचं जुन्या पुस्तकांचं गाव. शंभराहून अधिक दुकानं, बरीचशी यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून. कारण साधं आहे. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि पुस्तकांचे कणे फिके पडत नाहीत. शुएइशा आणि शोगाकुकान या दोन बलाढ्य मांगा प्रकाशकांची कार्यालयंही याच परिसरात आहेत.

कान्दा जुन्या पुस्तकांचा महोत्सव १९६० पासून चालत आलाय. तेव्हा पदपथावर कपाटांची रांग लागते आणि एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला कपाटं, मधल्या बोळातून माणसं सरकतात. जायचं तर कामाच्या दिवशी सकाळी. पाऊस आला की कपाटांवर प्लास्टिक ओढलं जातं, म्हणून हवामान पाहूनच दिवस ठरवा.

शोधायचं काय? जपानी वाचता येत नसेल तरी तीन गोष्टी घेण्यासारख्या असतात. पहिली, जुनी मांगा साप्ताहिकं आणि मासिकं. एखाद्या गाजलेल्या मालिकेचं पहिलं प्रकरण ज्या अंकात आलं तो महाग, पण मधले अंक बरेचदा परवडतात, आणि त्या काळच्या जाहिराती पाहणं हाच एक आनंद असतो. दुसरी, चित्रपटांच्या पुस्तिका. जपानी चित्रपटगृहांत प्रत्येक चित्रपटाची छापील पुस्तिका विकतात. ॲनिमे चित्रपटांच्या जुन्या पुस्तिकांत पार्श्वचित्रं आणि कलाकारांच्या मुलाखती असतात. तिसरी, पार्श्वचित्रांची आणि रेखाटनांची पुस्तकं. पुस्तक कपाटातून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला धरून ओढू नका. शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकला आणि मधलं पुस्तक मध्यावर धरून काढा. दुकानदार हे पाहत असतात आणि अशा गिऱ्हाइकाशी त्यांचं वागणं बदलतं.

दमल्यावर करी-भात खा. हा भाग जपानी करीसाठीही नावाजलेला आहे. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं, कारण भाज्यांच्या करीतही बहुधा मांसाचा अर्क असतो.

पायरी ६: खरेदी नाकानोला, फेरफटका अकिहाबाराला

शिंजुकूहून चुओ मार्गाच्या जलद गाडीने नाकानो पाच मिनिटांवर. स्टेशनसमोरची छताची बाजारगल्ली संपते तिथे नाकानो ब्रॉडवे ही १९६६ सालची इमारत सुरू होते. खाली दुकानं, वर राहती घरं. १९८० मध्ये मासुझो फुरुकावा या मांगाकाराने इथे मांदाराके नावाचं जुन्या मांगाचं इवलंसं दुकान काढलं. आज त्याच नावाची अनेक छोटी दुकानं या इमारतीत विखुरलेली आहेत, एकात फक्त मांगा, एकात जुनी पत्र्याची खेळणी, एकात कॉस्प्लेचे कपडे, एकात ॲनिमेची मूळ सेल चित्रं. बहुतेक दुपारी १२ ला उघडतात, त्यामुळे सकाळी जाऊ नका. बुधवारी काही बंद असतात.

सेल चित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगते. संगणक येण्याआधी ॲनिमेची प्रत्येक चौकट पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर हाताने रंगवली जायची. जपानी टीव्हीवरच्या मालिकांत हे तंत्र २०१३ पर्यंत एका मालिकेत टिकून होतं, बाकी सगळीकडे २००० च्या आसपास संपलं. कमी गाजलेल्या मालिकेतलं खरं चित्र काही हजार येनमध्ये मिळू शकतं. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. रंगाला भेगा गेल्यात का, मागचा रेखाटनाचा कागद चिकटून बसलाय का, आणि आंबूस व्हिनेगरसारखा वास येतोय का. तो वास म्हणजे प्लास्टिकचा ताव आतून विरायला लागल्याची खूण. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत असं चित्र आणखी लवकर खराब होतं. चांगलं चित्र घेतलंत तरी घरी ते उन्हापासून दूर, कोरड्या खोलीत ठेवा, आणि हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडू नका.

मूर्ती, म्हणजे फिगर घेताना डब्यावरची चिठ्ठी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचा. न उघडलेला डबा, उघडलेला पण पूर्ण, एखादा भाग नसलेला, डबा दबलेला, असं सगळं त्यावर प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. क्रेन-गेममध्ये बक्षीस म्हणून येणाऱ्या मूर्ती सेकंडहँड दुकानांत बरेचदा नाण्यांमागून नाणी घालण्यापेक्षा स्वस्तात पडतात. काही दुकानांत काचेच्या छोट्या कप्प्यांच्या भिंती दिसतील. ते कप्पे सामान्य माणसं भाड्याने घेऊन स्वतःच्या वस्तू विकतात, म्हणून तीच मूर्ती दोन कप्प्यांत दोन किमतींना असू शकते. आधी सगळी भिंत पाहा, मग कप्प्याचा क्रमांक टिपून काउंटरवर द्या.

उतरताना तळघरात आठ थरांचं रंगीत आइसक्रीम मिळतं, ते दोघांत एक घ्या.

अकिहाबाराबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, रेडिओ काइकान ही दुकानांची इमारत पाहा, जुने गेम आणि सुटे भाग विकणाऱ्या मागच्या गल्ल्या फिरा, आणि रस्त्यावर पत्रकं वाटत बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. इकेबुकुरो मला जास्त आवडतं. ॲनिमेट या दुकानसाखळीचं मुख्य दुकान तिथे आहे, मुलींच्या आवडीच्या मालिकांची दुकानं ओतोमे रोडवर आहेत, आणि सनशाइन सिटीत कॅप्सूल खेळण्यांची तीन हजारांहून अधिक यंत्रं एका छताखाली आहेत. ऑक्टोबरअखेरच्या कॉस्प्ले महोत्सवात पाहायला कुणीही जाऊ शकतं. वेश करून भाग घ्यायचा असेल तर मात्र नोंदणी करावी लागते आणि तिथल्या कपडे बदलायच्या जागेतच तयार व्हायचं असतं, हॉटेलवरून वेशात लोकलने जायचं नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं, रांग असेल तर रांगेत उभं राहायचं. शिबुयाचा हॅलोवीन टाळा. तिथलं प्रशासनच लोकांना येऊ नका म्हणून विनवतं.

पायरी ७: कोमितिया, जिथे मांगा काढणारे समोर बसतात

स्वतः चित्रं काढत असाल, गोष्टी लिहीत असाल, तर सगळं बाजूला ठेवून हा एक दिवस धरा. कोमितिया १९८४ पासून चालतं आणि तिथे फक्त स्वतंत्र निर्मितीला जागा असते. गाजलेल्या मालिकांवर बेतलेलं काही चालत नाही. टोकियो बिग साइटच्या दालनात लांबच लांब टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे ते पुस्तक ज्याने काढलं तोच माणूस. कुणी फक्त चाळीतल्या मांजरांवर काढतं, कुणी जुन्या रेल्वे स्थानकांवर, कुणी आजीच्या आजारपणावर.

प्रवेशाची व्यवस्था आधी वाचून घ्या. शंभर आणि पाचशे येनची नाणी भरपूर न्या. दहा हजारांची नोट पुढे केली तर समोरच्या बिचाऱ्याकडे सुटे नसतात. पुस्तक उचलण्याआधी "मितेमो ईदेस्का?" एवढं विचारा, म्हणजे "पाहू का?" चाळून नाही घेतलंत तरी काही बिघडत नाही, मान किंचित झुकवून पुढे जायचं. नमुन्याच्या प्रती एकत्र ठेवलेला वाचन-कोपरा असतो, तिथून सुरुवात केली तर कुठल्या टेबलावर जायचं ते ठरतं. प्रकाशनसंस्थांचे संपादकही इथे टेबल लावून नवोदितांची पानं पाहतात. त्यांच्याशी जपानीतच बोलावं लागतं, पण पुण्या-मुंबईत जपानी शिकणारी इतकी मुलं आहेत की त्यांतल्या एखाद्याने आपली सोळा पानं घेऊन तिथे बसावं असं मला फार वाटतं.

पायरी ८: कथेतल्या गावाला जा

कथेत दिसलेली खरी जागा शोधत जाण्याला जपानी चाहते 'सेइची जुनरेई', तीर्थयात्रा, म्हणतात. कामाकुराजवळचं समुद्रालगतचं रेल्वे फाटक ('स्लॅम डंक'मधलं) आणि टोकियोत योत्सुयातल्या सुगा देवळाचा जिना ('युवर नेम'मधला) यांचे फोटो तुम्ही हजारदा पाहिलेत. तिथल्या रहिवाशांना गर्दीचा जाच होतो, म्हणून मी ही दोन्ही ठिकाणं सुचवत नाही. त्याऐवजी जी गावं चाहत्यांची वाट पाहतात तिथे जा.

ओआराई हे इबाराकीतलं मासेमारीचं बंदर. मार्च २०११ च्या त्सुनामीने त्याला तडाखा दिला आणि पर्यटक यायचे थांबले. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गर्ल्स उंड पान्झर' ही रणगाडे चालवणाऱ्या शाळकरी मुलींची मालिका सुरू झाली. तिचं गाव ओआराईच होतं, दुकानं, रस्ते, समुद्र सगळं खरंखुरं. चाहते येऊ लागले. दुकानदारांनी एकेका पात्राची माणसाएवढी पाटी आपल्या दारात उभी केली. मासेवाल्याकडे एक मुलगी, कापडवाल्याकडे दुसरी. नोव्हेंबरमधल्या आन्को सणाला गाव फुलून जातं. आन्को हा तिथला खोल पाण्यातला मासा, थंडीत त्याचा रस्सा करतात. उएनोहून मितोपर्यंत जलदगाडीने साधारण सव्वा तास, तिथून काशिमा रिन्काई या छोट्या रेल्वेने पाव तास. सुटे पैसे बरोबर असू द्या. पाट्यांचे फोटो काढाल त्या दुकानातून काहीतरी विकत घ्या. समुद्रातल्या खडकावर उभी असलेली इसोसाकी देवळाची कमान पाहायची असेल तर सकाळी लवकर पोहोचा.

उजी क्योतोच्या दक्षिणेला. 'हिबिके! युफोनियम' ही शाळेच्या वाद्यवृंदाची कथा इथली. मूळ कादंबऱ्यांच्या लेखिका आयानो ताकेदा उजीच्याच, आणि ती मालिका बनवणारा क्योतो ॲनिमेशन हा स्टुडिओही इथलाच. क्योतोहून जेआरनेही जाता येतं, पण केइहान मार्गाने जा, चुशोजिमाला गाडी बदलून. नायिका त्याच गाडीने ये-जा करते. शेवटच्या स्थानकातून बाहेर पडलं की लगेच उजी पूल. पूल पाहून, नदीकाठाने फिरून, उजीगामी देवळाच्या बाजूने दाइकिची टेकडीची वाट धरा. वीसेक मिनिटांची सोपी चढण आहे. वरच्या छपरीतून नदी, पूल आणि सगळं गाव दिसतं. मालिकेत दोन मैत्रिणी रात्री इथे वाद्यं घेऊन चढतात, तुम्ही मात्र दुपारी चढा, कारण नोव्हेंबरच्या अखेरीस पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि वाटेवर झाडी दाट आहे. उतरल्यावर कोशो-जी या बौद्ध मंदिराच्या मेपलच्या बोळातून फिरून या.

१८ जुलै २०१९ ला या स्टुडिओच्या क्योतोतल्या फुशिमी भागातल्या इमारतीत लावलेल्या आगीत ३६ माणसं गेली. त्या जागेवर जाऊ नका. आजूबाजूला लोकांची घरं आहेत आणि चाहत्यांनी येऊ नये अशी विनंती आहे. २०२४ मध्ये उजीतल्या चहाच्या इतिहास उद्यानात, केइहान स्थानकाजवळच, त्यांचं स्मारक झालंय. नमस्कार करायचा तर तिथे करा.

कुठल्याही गावात तीन नियम पाळा. शाळेच्या आवारात कॅमेरा नको, कुणाच्या दारात उभं राहून फोटो नको, आणि चित्रातल्या चौकटीशी जुळणारा कोन साधायला रस्त्याच्या मधोमध थांबायचं नाही.

पायरी ९: क्योतोत एक दुपार वाचनाची

कारासुमा ओइके स्थानकाजवळचं क्योतो आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय २००६ च्या नोव्हेंबरमध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत सुरू झालं. संग्रह सुमारे तीन लाख वस्तूंचा, आणि त्यांतली पन्नासेक हजार पुस्तकं भिंतीभर उघड्या कपाटांत. हवं ते काढा आणि वाचा. शरदात लोक पुस्तक घेऊन बाहेरच्या हिरवळीवर आडवे होतात. इंग्रजी आणि इतर भाषांतल्या मांगाही आहेत.

इथे कामिशिबाईचा खेळ होतो. लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे ओळीने सरकवत एक माणूस कथा सांगतो, आवाज बदलतो, पोरांना प्रश्न विचारतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना भाषा न कळताही हा खेळ कळेल. तेच चित्राचं पान, तोच हात, ऐन क्षणी पान उलटण्याची तीच हुकमत.

पायरी १०: खाणं, पैसे, परतीचं सामान

शाकाहाऱ्यांना जपानमध्ये अडचण मांसापेक्षा माशांच्या अर्काची, म्हणजे दाशीची येते. सूप, सॉस, अगदी साध्या भाजीतही ती असते. टोकियो स्थानकाच्या आत टीज तानतान हे पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे. निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी असल्याने किराणा आणि जेवण दोन्ही मिळतं. मुलांसोबत असाल तर तिथे मुक्काम सोयीचा पडतो. थेपले, लाडू, चिवडा बरोबर न्यायला हरकत नाही, फक्त मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या नेऊ नका.

प्रवासासाठी सुइकासारखं आयसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं कार्ड घ्या. छोटी दुकानं, देवळं, मेळे यांसाठी रोख लागतेच, म्हणून नाण्यांचं वेगळं पाकीट ठेवा. करमुक्त खरेदीचा नियम बदलतोय. आतापर्यंत एका दुकानात एका दिवशी पाच हजार येनच्या वर खरेदी केली की पासपोर्ट दाखवून १० टक्के कर तिथल्या तिथे वजा व्हायचा. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर तपासणी झाल्यावर परतावा मिळवायचा. म्हणून त्यानंतर जाणाऱ्यांनी घेतलेल्या वस्तू हाताशी ठेवाव्यात आणि विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचावं.

क्योतोला निघताना मोठी बॅग ताक्क्युबिन कुरिअरने थेट पुढच्या हॉटेलवर पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. पोस्टर आणि सेल चित्रांसाठी कडक फोल्डर किंवा नळी मुंबईहूनच न्या. मूर्तींचे डबे कपड्यांच्या मधोमध ठेवा आणि पावत्या एका पाकिटात जपा, आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारलं तर किंमत दाखवता येते. प्रौढांसाठीच्या मांगाचं कपाट पडद्यामागे किंवा १८ चा आकडा लावून वेगळं ठेवलेलं असतं. त्यातलं काही भारतात आणायच्या भानगडीत पडू नका.

जपानी नाणी आपल्याकडे कुणी बदलून देत नाही. उरलेली शंभराची नाणी नारिता विमानतळावरच्या कॅप्सूल यंत्रांत घाला. ती यंत्रं तिथे त्याचसाठी रांगेने मांडलेली असतात.